आईच्या जन्माच्या आठवड्यातलं लग्न: लंडन, रॉमसी, विंडसर

दिवस पहिला, बुधवार

हीथ्रोला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता, म्हणजे पाऊस असा नाहीच, नुसतं भुरभुर, पण आईने लगेच डोक्यावरून शाल घेतली आणि दादा दिसेपर्यंत काही बोललीच नाही. पहिलाच विमानप्रवास, वय सत्त्याहत्तर, गुडघे दुखतात, तरी मुंबईपासून एकदाही "बसते जरा" म्हणाली नाही. दादा-वहिनी हाउन्स्लोला राहतात, विमानतळाच्या अगदी जवळ, घरावरून दर दोन मिनिटाला विमान जातं. संध्याकाळी वहिनीने पिठलं-भाकरी केली होती, ज्वारीचं पीठ तिथे सहज मिळतं हे बघून आईला प्रवासातलं सगळ्यात मोठं समाधान झालं.

आता या ट्रिपचं कारण सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी आई जन्माची शिवणकाम करणारी. परांड्याला आमच्या घराच्या ओसरीत पायमशीन असायचं, त्यावर तिने चाळीस-एक वर्षं गावातल्या अर्ध्या बायकांची पोलकी, झंपर, लेकरांचे झबले-टोपडे शिवले आणि आम्हा दोघांची शिक्षणं केली. कधीतरी माझ्या लहानपणी कुठल्याशा मराठी मासिकात राणी एलिझाबेथच्या लग्नाचा फोटो आला होता, २० नोव्हेंबर १९४७ चा, वेस्टमिन्स्टर ॲबीमधला, तो लांबच लांब पायघोळ झगा आणि मागे पसरलेलं कापड. आईने तो फोटो कापून मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, बॉबिनच्या डब्याखाली, आणि तो अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. मी विचारलं होतं की हा कशाला ठेवलास तर म्हणाली, हे शिवायला किती बाया बसल्या असतील गं.

आणि दुसरं म्हणजे आईचा जन्म. जन्मतारीख शाळेत मास्तरांनी घातलेली आहे, १ जून, आपल्याकडे सगळ्यांची असते तशी. पण आजी सांगायची की तू बार्शीला झालीस, कार्तिकी एकादशीच्या दोन-तीन दिवस आधी, दिंड्या पंढरपूरला चालल्या होत्या तेव्हा. परांडा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात, म्हणजे नुकतंच स्वतंत्र झालेल्या भारतात. रझाकारांची दहशत सुरू झाली होती, लोक रातोरात सीमा ओलांडून बार्शी-सोलापूरकडे जात होते, आणि आजी नववा महिना चालू असताना बैलगाडीत आणि थोडी पायी अशी माहेरच्या नातेवाइकांकडे आली. १९४७ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. तिथून पंचांग मोजत गेलं की आईचा जन्म बरोब्बर त्याच आठवड्यात येतो ज्या आठवड्यात हे लग्न झालं. हा हिशोब माझ्या भाचीने केला, ती सोळा वर्षांची आहे, इथेच वाढलेली, आणि तिनेच हट्ट धरला की आजीला नोव्हेंबरमध्येच आणा. म्हणून नोव्हेंबर २०२४, कडाक्याच्या थंडीत, आम्ही हे करायला निघालो. सगळ्यांनी सांगितलं उन्हाळ्यात जा. पण लग्न थंडीतलं होतं ना.

दिवस दुसरा, गुरुवार, वेस्टमिन्स्टर ॲबी

लग्नही गुरुवारीच झालं होतं, साडेअकराला. आम्ही मुद्दाम त्या वेळेला आत असू असं तिकीट काढलं. ट्यूबने ग्रीन पार्क, तिथे गाडी बदलून एक स्टेशन पुढे वेस्टमिन्स्टर, बाहेर आलं की डोक्यावर बिग बेन. आईने वर बघितलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "वेळ बरोबर हाय."

ॲबीच्या बाहेर हिरवळीवर छोटे छोटे लाकडी क्रॉस रोवलेले होते, बोटभर उंचीचे, प्रत्येकावर लाल पॉपीचं फूल, हजारो. नोव्हेंबरमध्ये युद्धात गेलेल्यांसाठी ठेवतात. त्यातून चालताना मला वाटलं की या लग्नाकडे बघायचं तर इथूनच बघायला पाहिजे. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती, पण लंडन अजून पडझड झालेलं, पाव रेशनवर, कपडे रेशनवर, आणि त्या वर्षीच्या सुरुवातीचा हिवाळा तर इतका भयंकर गेला होता की कोळसा पुरेना. युद्धात आपलेही किती गेले, मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना इटलीतल्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगेंना मरणोत्तर. भाचीला हे माहीत नव्हतं, तिने तिथेच उभं राहून फोनवर नावं लिहून घेतली.

आत गेलो. पश्चिमेच्या दारातून शिरल्या शिरल्या जमिनीत एक काळी संगमरवरी फरशी आहे, चारी बाजूंनी लाल पॉपीची चौकट. अज्ञात सैनिकाची कबर. १९२० साली पहिल्या महायुद्धातला एक सैनिक इथे आणून पुरला, तो कोण, नाव काय, कुणालाच ठाऊक नाही. पूर्ण ॲबीत राजे, कवी, शास्त्रज्ञ यांच्या फरशांवरून लोक चालतात, फक्त या एका फरशीवर पाय द्यायचा नाही. लग्नाची वरात इथूनच आत आली, तिला वळसा घालून. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीचा पुष्पगुच्छ, पांढऱ्या ऑर्किडचा, त्यात मर्टल नावाच्या झुडपाची एक डहाळी, तो याच फरशीवर आणून ठेवला. ही रीत तिच्या आईने सुरू केली होती, १९२३ मध्ये स्वतःच्या लग्नाच्या वेळी, तिचा सख्खा भाऊ पहिल्या महायुद्धात मारला गेला होता. मी आईला हे हळू आवाजात सांगितलं. आई हात जोडून उभी राहिली, बराच वेळ, मागून लोक येत होते पण कुणी हटकलं नाही.

मग मधला तो लांबलचक भाग, दोन्ही बाजूंना खांब, छत इतकं उंच की मान दुखते. दोन हजार पाहुणे बसले होते इथे. मुलगी एकवीस वर्षांची, वडिलांच्या हाताला धरून चालत आली, वडील म्हणजे राजा सहावा जॉर्ज. मागे आठ करवल्या, त्यात सगळ्यात पुढे धाकटी बहीण मार्गारेट, आणि तो मागचा पायघोळ धरायला दोन लहान मुलगे. कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी लग्न लावलं. अंगठी वेल्सच्या सोन्याची. मायक्रोफोन लावलेले होते, जगभरात वीस कोटी लोकांनी रेडिओवर ऐकलं असं सांगतात. "द लॉर्ड्स माय शेफर्ड" हे स्तोत्र क्रिमंड नावाच्या चालीवर म्हटलं गेलं, स्कॉटलंडकडची चाल, त्या लग्नानंतर ती सगळीकडे लोकप्रिय झाली. तीच २०२२ मध्ये याच जागी राणीच्या अंत्यविधीला म्हटली. भाचीने एक इअरफोन आजीच्या कानात आणि एक स्वतःच्या कानात घालून ती चाल ऐकवली, दोघी वेदीसमोरच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होत्या. आई म्हणाली, "हे आपल्या ओवीसारखं हाय, सरळ."

नवरदेवाबद्दल आईने खूप प्रश्न विचारले. फिलिप जन्मला ग्रीसच्या कॉर्फू बेटावर, राजघराण्यातला पण लहानपणीच देशोधडीला लागलेलं कुटुंब, स्वतःचं घर असं नाहीच. लग्नाच्या वर्षीच ब्रिटिश नागरिक झाला, आजोळचं माउंटबॅटन हे आडनाव घेतलं. त्याच्या तीन बहिणी हयात होत्या पण तिघींची लग्नं जर्मनांशी झालेली, युद्धाच्या जखमा ताज्या, म्हणून एकीलाही आमंत्रण नव्हतं. आई होती फक्त. आमच्या आईला हे फार लागलं. पुन्हा पुन्हा म्हणत होती, "भावाच्या लग्नाला एकबी बहीण नाही, दार कोण आडवलं मग?"

बाहेर पडलो तर दीड वाजून गेला होता, थंडी वाढलेली. आईने पिशवीतनं दशम्या काढल्या, बाकावर बसून खाल्ल्या, समोर ॲबीची दोन टोकं आणि मधे गर्दी.

दिवस तिसरा, शुक्रवार, ब्रूटन स्ट्रीट, पॅलेस, आणि त्रिपुरी पौर्णिमा

माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा दिवस. ग्रीन पार्कला उतरून चालत ब्रूटन स्ट्रीट. मेफेअरमधला शांत रस्ता, महागडी दुकानं, दाराशी कोट घातलेले दरवान. इथे २६ नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे, झग्याचं डिझाइन करणाऱ्या नॉर्मन हार्टनेल यांची. इथेच तो झगा शिवला. आणि गंमत म्हणजे याच रस्त्यावर, थोड्याच अंतरावर, १७ नंबरच्या घरात २१ एप्रिल १९२६ ला ती मुलगी जन्मली होती. ते घर आता नाही, नवी इमारत आहे, पण पाटी आहे. म्हणजे जिथे जन्मली त्याच गल्लीत लग्नाचा झगा शिवून झाला.

आई २६ नंबरच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, भिंतीला टेकून उभी राहिली आणि वरच्या खिडक्यांकडे बघायला लागली. मी तिला वाचून ठेवलेलं सगळं सांगितलं. डिझाइन मंजूर झालं १९४७ च्या ऑगस्टच्या मध्यात. (आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको.) म्हणजे तीन महिनेच हातात. साडेतीनशे बायका, सात आठवडे. बाहेरच्यांनी डोकावू नये म्हणून कामाच्या खोलीच्या खिडक्यांना चुना फासला होता आणि पांढरी मलमल लावली होती. आईने लगेच विचारलं, मग उजेड कुठून येत होता? मला उत्तर देता आलं नाही. साडेतीनशे बायकांनी दहा हजार मोती त्या चुना लावलेल्या खिडक्यांच्या उजेडात टाचले, हा विचार मी आईने विचारेपर्यंत केलाच नव्हता.

मोती अमेरिकेतून मागवले. रेशमावरून तर वाद झाला, कारण किडे इटलीचे की जपानचे अशी चर्चा सुरू झाली, हे दोन्ही देश कालपरवापर्यंत शत्रू, शेवटी चिनी किड्यांचं रेशीम आहे असा खुलासा करावा लागला. आणि कूपन! कापड घ्यायचं तर राजकन्येलासुद्धा रेशनची कूपन द्यावी लागत होती, सरकारने थोडी जास्तीची दिली, आणि हे कळल्यावर देशभरातल्या बायकांनी स्वतःची कूपन पाकिटात घालून पाठवली. स्वतःच्या वाट्याचं कापड! ती सगळी परत करावी लागली कारण दुसऱ्याची कूपन वापरणं बेकायदा होतं. कपड्यांचं रेशनिंग उठलं १९४९ मध्ये. आई म्हणाली की आपल्याकडे पण कंट्रोलचं कापड होतं, आजीने तिला पहिलं टोपडं जुन्या धोतराच्या तुकड्याचं शिवलं होतं, आणि बारशाला शेजारणीने एक खण दिला तो आजीने नेसण्या-घालण्याला न वापरता तिच्या लग्नापर्यंत जपून ठेवला.

मग भाचीने टॅबवर त्या मागच्या पायघोळाचा फोटो मोठा करून दाखवला. तेरा फुटी, पातळ रेशमी जाळीचा, त्यावर फुलं. आईने चष्मा पुसला आणि बोटाने फोटो सरकवत सरकवत एकेक नक्षी बघितली, बाहेर गाड्या जात होत्या, आम्ही तिघी एका टॅबवर वाकलेल्या. तिने मला दाखवलं की फूल वेगळ्या कापडाचं कापून जाळीवर बसवलंय, आणि जाळी आरपार दिसते, म्हणजे मागची बाजू लपत नाही, टाका उलट्या बाजूनेही सुलट्यासारखाच नीट यायला पाहिजे, गाठ कुठे दिसता कामा नये. "हे एका बाईचं काम नाही, आन् एका हाताचं दिसतंय, बग." साडेतीनशे बायकांचा हात एकसारखा दिसणं म्हणजे काय हे तिलाच कळणार. मग एका ठिकाणी बोट थांबलं. गुलाब, चांदणीसारखी फुलं, आणि मधेमधे गव्हाच्या ओंब्या. हार्टनेलने बोत्तिचेल्लीच्या वसंत ऋतूच्या चित्रावरून कल्पना घेतली होती, युद्धानंतर पुन्हा पालवी फुटावी असा अर्थ, ओंबी म्हणजे भरभराट, वंशवेल. आईला चित्रबित्र काही सांगायची गरज पडली नाही, ती म्हणाली, "ओटी भरलीय की तिची."

खरंच की. आपण नवरीची ओटी गव्हानेच भरतो. मला इतकी वर्षं ते नुसतं डिझाइन वाटत होतं.

तिथून चालत सेंट जेम्स पॅलेस. आत जाता येत नाही, बाहेर लाल डगल्यातला शिपाई, विटांचे दोन जुने बुरूज. इथे लग्नाच्या भेटवस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं, अडीच हजारांच्या वर भेटी. लग्नाच्या सकाळी इथूनच एक धावपळ झाली. आधी तर राजवाड्यात नवरीच्या डोक्यावर मुकुट चढवताना तो मोडला, जवाहिऱ्याला पोलिसांच्या गाडीबरोबर पळवून दुरुस्त करून आणला. मग वडिलांनी दिलेल्या मोत्यांच्या माळा सापडेनात, त्या प्रदर्शनात राहिल्या होत्या इथे, तेव्हा तिचे खाजगी सचिव जॉन कोलव्हिल त्या गर्दीतून इथवर धावत आले. आणि तिसरं म्हणजे पुष्पगुच्छ हरवला, कुणीतरी ताजा राहावा म्हणून थंड कपाटात ठेवला होता. आईला याचं अजिबात नवल वाटलं नाही, लग्नघर म्हटलं की किल्ल्या नाहीतर मंगळसूत्र सापडत नसतंच.

पण भेटवस्तूंपैकी दोन आपल्याकडच्या होत्या आणि त्यांच्याबद्दल मला इथे थांबून लिहायचंच आहे.

एक गांधीजींची. माउंटबॅटन तेव्हा भारताचे गव्हर्नर जनरल, नवरदेव त्यांचा भाचा, ते लग्नासाठी लंडनला आले आणि तेवढे दिवस दिल्लीत राजाजींनी कार्यभार सांभाळला. गांधीजींकडे द्यायला काहीच नव्हतं, होतं ते दिलेलं. तेव्हा त्यांनी स्वतः सूत कातलं, त्या सुताचं एक जाळीदार कापड विणून घेतलं, मधोमध "जय हिंद". दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या, दंगली पेटलेल्या, आणि हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस रोजच्यासारखा चरख्यावर बसून एका अनोळखी मुलीच्या लग्नासाठी सूत कातत होता. प्रदर्शनात ते बघून नवरीच्या आजीला, राणी मेरीला ते धोतर वाटलं आणि आवडलं नाही असं सांगतात. पण नवरीने ते जपलं. २०१८ मध्ये पंतप्रधान मोदी आले तेव्हा तिने काढून दाखवलं. सत्तर वर्षं सांभाळलं म्हणजे.

दुसरी निजामाची. हैदराबादच्या मीर उस्मान अली खान यांनी लंडनच्या कार्टिए जवाहिऱ्यांना सांगून ठेवलं होतं की राजकन्येला दुकानातलं जे आवडेल ते निवडू द्या. तिने हिऱ्यांचा हार आणि फुलांचा मुकुट निवडला. पुढे तो मुकुट मोडून दुसरा दागिना केला, हार अजून आहे, नातसून केटने घातलेला फोटोत दिसतो.

हे मी सेंट जेम्सच्या बाहेर फुटपाथवर आईला सांगितलं. आई गप्प. मग म्हणाली, "ते आमच्या साऱ्याचं हाय." सारा म्हणजे शेतसारा. मी काही बोलले नाही. लग्न झालं २० नोव्हेंबरला, निजामाने भारताशी जैसे थे करार केला २९ नोव्हेंबरला, आणि मधल्या त्या दिवसांत माझी आजी बार्शीत परक्या ओसरीवर बाळंतीण होती, मागे परांड्याला घराला कुलूप होतं की नव्हतं हेही तिला माहीत नव्हतं. सुटका झाली पुढच्या वर्षी १७ सप्टेंबरला. त्या हारातल्या एखाद्या हिऱ्यात आमच्या जमिनीची ज्वारी असेल असं मला मनापासून वाटतं, आणि हे त्या नवऱ्या मुलीवर मी ढकलत नाही, तिला समोर ठेवलेल्यातून एक निवडायला सांगितलं होतं.

मॉलवरून चालत बकिंगहॅम पॅलेस. लग्नाच्या आदल्या रात्री लोक या रस्त्याच्या कडेला घोंगड्या घेऊन झोपले होते, नोव्हेंबरच्या थंडीत. बाल्कनी बघितली जिथे नवरा-नवरी येऊन उभे राहिले. आतल्या जेवणाला फक्त दीडशे पाहुणे. केक मात्र नऊ फूट उंच, चार मजली, त्याचं सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड मुलींनी वगैरे पाठवलं होतं कारण इंग्लंडमध्ये साखर-लोणी रेशनवर. अमेरिकेतल्या ब्रुकलिनच्या एका बाईने तर टर्की पाठवली, का तर इंग्लंडमध्ये खायला काही नाही म्हणे. आलेले खाण्याचे डबे नंतर विधवा आणि पेन्शनवाल्यांना वाटले.

संध्याकाळी घरी आलो आणि आईने आठवण करून दिली की आज त्रिपुरी पौर्णिमा. तिने परांड्याहून त्रिपुरवात करून आणली होती, साडेसातशे धाग्यांची, देवकापसाची, दिवाळीपासून रोज दुपारी बसून वळलेली. दादाच्या मागच्या अंगणात, म्हणजे गार्डनमध्ये, तुपात भिजवून पणतीत लावली. वर ढग होते, चंद्र मधूनच दिसायचा. भाचीने विचारलं आजी हे सूत तू कातलंस? आई म्हणाली कातलं नाही, वळलं, पण हात तोच लागतो. तिने भाचीच्या हातात कापूस देऊन मांडीवर वात वळायला शिकवली, पहिल्या चार तुटल्या, पाचवी जमली.

दिवस चौथा, शनिवार, वॉटर्लू ते रॉमसी

लग्नाच्या संध्याकाळी नवरा-नवरी उघड्या बग्गीतून वॉटर्लू स्टेशनला गेले, अंगावर पांघरूण, पायाशी गरम पाण्याच्या पिशव्या आणि पांघरुणाखाली सुझन नावाची तिची कॉर्गी कुत्री. स्टेशनवर ती कुत्री बाहेर आली तेव्हा लोकांना कळलं. तिथून आगगाडीने विंचेस्टर आणि पुढे मोटारीने ब्रॉडलँड्स, माउंटबॅटन यांची हवेली, रॉमसी गावाला लागून.

आम्हीही वॉटर्लूहूनच निघालो. विंचेस्टरला उतरून पुढे बस. रस्ता छान, उतारावर मेंढ्या, बीचची झाडं तांबूस झालेली. या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आई बसमध्ये झोपली. रॉमसी लहान आहे, आपल्या तालुक्याच्या गावाएवढंही नाही, मधे चौक, चौकात इंग्लंडचा जुना पंतप्रधान पामर्स्टन याचा पुतळा, ब्रॉडलँड्स आधी त्याचंच. हवेली उन्हाळ्यात ठरावीक दिवसच उघडते त्यामुळे आम्ही फाटकापर्यंत जाऊन आलो. टेस्ट नदी मात्र मनसोक्त बघितली, पाणी इतकं स्वच्छ की तळाचं गवत एका दिशेला विंचरल्यासारखं दिसतं. आई काठावर उकिडवी बसली आणि हात बुडवून डोळ्याला लावला.

दिवस पाचवा, रविवार, रॉमसी ॲबी

लग्नानंतरच्या रविवारी ते दोघं इथे प्रार्थनेला आले होते. गावात बातमी फुटली आणि इतकी गर्दी झाली की लोक थडग्यांच्या दगडांवर चढले, कुणी शिड्या आणल्या, कुणी खुर्च्या, खिडकीतून आत बघायला. प्रार्थना झाल्यावर ते ज्या जागेवर बसले होते तिथे क्षणभर बसून बघायला रांग लागली. मला हे वाचून पूर्वी त्या लोकांचा राग यायचा, नवीन जोडप्याला दोन दिवस तरी एकटं सोडावं ना. पण तिथे जाऊन उभं राहिल्यावर कळलं, सहा वर्षं युद्ध, मग रेशन, गावात आनंदाने शिडीवर चढावं असं कितीतरी दिवसांत काही घडलंच नव्हतं.

आम्ही मागच्या रांगेत बसलो. एका वयस्कर बाईंनी आईला गुडघ्याखाली ठेवायची भरतकाम केलेली उशी दिली आणि आईने ती गुडघ्याखाली न घेता मांडीवर घेऊन टाका बघितला. त्या बाईंना काय कळलं कोण जाणे, त्यांनी शेजारची दुसरी उशी आणून दाखवली, मग तिसरी. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दहा मिनिटं उशा उलट्या करून मागची बाजू बघत बसल्या होत्या.

ही जागा मुळात जोगिणींचा मठ, दहाव्या शतकातला. आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा १५४४ मध्ये गावकऱ्यांनी शंभर पौंडाला ही वास्तू विकत घेतली म्हणून वाचली. आणि इथेच दक्षिणेच्या बाजूला माउंटबॅटन यांची कबर आहे, १९७९ साली आयर्लंडमध्ये बोटीत बॉम्ब ठेवून त्यांना मारलं. आई तिथेही थांबली. फाळणी, छावण्या, निजाम, सगळं मनात येऊन गेलं माझ्या. आई एवढंच म्हणाली की म्हाताऱ्या माणसाला असं मारायला नको होतं.

दिवस सहावा, सोमवार, विंडसर

हाउन्स्लोहून विंडसर जवळच. किल्ल्याची चढण आईने थांबत थांबत केली, भाचीने कॉलेज बुडवून सोबत केली. आतलं बाकी वैभव मी भरभर बघितलं, आम्हाला जायचं होतं सेंट जॉर्ज चॅपलमध्ये, त्यातल्या एका कोपऱ्यातल्या छोट्या देवळीसारख्या खोलीत.

मुलगी हनिमूनला असताना राजाने तिला पत्र लिहिलं होतं. तुझा हात आर्चबिशपांच्या हातात देताना फार मौल्यवान काही हरवल्यासारखं वाटलं, असा त्यातला भाव. मी रांगेत उभी असताना आईला सांगितलं. आई म्हणाली, कन्यादान करताना तुझ्या बाबांचा हात किती कापत होता ते तुला दिसलं नाही, तू खाली बघत होतीस. मला खरंच माहीत नव्हतं. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत हे तिने पहिल्यांदा सांगितलं, विंडसरच्या रांगेत.

तो राजा मुलीच्या लग्नानंतर जेमतेम चार वर्षं जगला, ६ फेब्रुवारी १९५२ ला गेला, मुलगी तेव्हा केनियात होती, भेट झाली नाही.

जाळीच्या दारातून दिसते ती एक काळी फरशी. वर जॉर्ज, १८९५ ते १९५२. खाली एलिझाबेथ, म्हणजे आई, १९०० ते २००२. मग एलिझाबेथ, १९२६ ते २०२२. मग फिलिप, १९२१ ते २०२१. रांग हळूहळू पुढे सरकत होती, थांबायला फार वेळ मिळत नाही. आईने विचारलं, "आन् करवली?" मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, मार्गारेट का, तिच्या अस्थी पण याच खोलीत आहेत, आईवडिलांजवळ. आईने मान हलवली आणि पदर सारखा केला. भाचीने तिचा हात धरला, आम्ही मागच्यांना जागा करून दिली आणि बाहेर आलो. पाऊस थांबला होता. आईला चहा हवा होता.